पिवळ्या तोंडाची वायर

आमच्या मोठ्या बाई देवळात गेल्या की त्यांची एक चप्पल पायरीच्या उजव्या अंगाला असायची आणि दुसरी पार तिकडं, नारळवाल्याच्या गाड्यापाशी. शाळेची सहल गंगाखेडला गोदावरीच्या काठी नेली होती, तेव्हा मी हे पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, वय झालं, विसरल्या असतील. म्हणून मी लगबगीनं दुसरी चप्पल उचलून पहिलीच्या शेजारी नेऊन ठेवली. बाई दर्शन घेऊन बाहेर आल्या, जोडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"बीएस्सी," नव्या शिक्षिकेला त्या पदवीनंच हाक मारायच्या, "हे पुण्यकर्म तुझं का?"

मी लाजून हो म्हटलं.

"आता तुझ्या चपला बघून ये. अर्धी वस्तू कोणी चोरत न्हाई, पोरी. अख्खी चोरतात."

मी बघायला गेले, तर माझ्या चपला गेलेल्या. दोन्ही. टाचेला टाच लावून, नीट, संस्कारी मुलीसारख्या काढून ठेवल्या होत्या मी. परभणीपर्यंत अनवाणी आले आणि एसटीत सातवीच्या मुली माझ्या पायांकडं बघून खुसखुसत होत्या, ते वेगळंच.

बाई परभणीतल्या आमच्या मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस. हैदराबादला शिकलेल्या, निजामाच्या वेळी, मॅट्रिकपर्यंत उर्दूतनं. त्यामुळं गणिताच्या वह्या तपासताना शेरा मराठीत लिहायच्या आणि पुटपुटायच्या उर्दूत, "सही, सही, गलत." इत्मिनान, म्हणजे निवांतपणा, हा त्यांचा लाडका शब्द. घाईनं चालणाऱ्या बाईमाणसाला त्या हाताला धरून थांबवायच्या आणि विचारायच्या, "इत्मिनान कुठं सांडून आलीस?"

अर्ध्या वस्तूचा त्यांचा कायदा चपलांवर थांबला नव्हता. शाळेची पितळी घंटा वऱ्हांड्यात टांगलेली असायची, पण ती वाजवायचा टोला बाईंच्या पिशवीत. शिक्का एका कपाटात, शाईचं पॅड दुसऱ्या. घरी त्यांच्या स्टोव्हची पिन शेजारणीकडं ठेवलेली आणि शेजारणीच्या स्टोव्हची पिन यांच्याकडं. सकाळी दोघी कुंपणावरून पिना बदलायच्या तेव्हा कुठं चहा व्हायचा. गाव हसायचं. पण शाळेतलं कधी काही गेलं नाही, हेही गावच सांगायचं.

दुसरी खोड म्हणजे कुठलीही नवी वस्तू आली की बाई आधी तिच्या मागं जायच्या. शाळेत नवी बाजाची पेटी आली तेव्हा सगळ्यांनी पुढून कौतुक केलं, आणि बाई पाठीमागं उकिडव्या बसून भात्याला कान लावून. लग्नात गेल्या तरी स्टेजच्या मागं एक फेरी. "पुढून वस्तू आपल्याला दाखवायचं ते दाखवती," म्हणायच्या. "ती काय करायली, ते मागून कळतं."

आता त्या वेळच्या माझ्याबद्दल. मी नुकतीच लागलेली विज्ञानशिक्षिका. बी.एस्सी., बी.एड. अक्कल बेताची आणि हेअरपिना भरपूर. ज्या विद्यापीठाची पदवी घेऊन आले होते, त्याच्या नावावरून सारा मराठवाडा तेव्हा धुमसत होता, पण मला त्या पदवीच्या कागदापलीकडं फारसं काही दिसत नव्हतं. मुलाखतीत मी ठणकावून सांगितलं होतं की मला संगणकाचं ज्ञान आहे. ज्ञान कसलं! औरंगाबादला एकदा काचेच्या दारातून आत बघितलं होतं. ऐन मे महिन्यात एक माणूस स्वेटर घालून, अनवाणी, एका पेटीसमोर बसला होता. एवढंच माझं संगणकशास्त्र. बाईंनी मला एकच प्रश्न विचारला, "केवढा जड असतो?"

मी म्हटलं, "बाई, ते ज्ञानाचं यंत्र आहे, त्याचं वजन कोणी बघत नाही."

"म्हणजे उचललेला न्हाई," म्हणाल्या, आणि मला घेऊन टाकलं. का घेतलं ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही. नंतर एकदा म्हणाल्या, उरलेल्या उमेदवारांनी वजन बिनदिक्कत सांगितलं होतं.

त्या पेटीचं आणि माझं नशीब असं की ती आमच्याच शाळेत आली. संस्थेच्या कुणा हितचिंतकानं मुंबईच्या एका कचेरीतून जुना झालेला संगणक मिळवून दिला. रेल्वे पार्सलनं दोन खोके आले, गवतात गुंडाळलेले. एका खोक्यात डबा आणि त्याची बटणांची पाटी, दुसऱ्यात पडदा. आता तुम्ही मॉनिटर म्हणता, तेव्हा आम्ही पडदाच म्हणायचो.

आमच्याच संस्थेची मुलांचीही शाळा होती. तिच्या हेडमास्तरांनी पार्सल यायच्या आधीच सुताराकडून संगणकाचं टेबल करून घेतलं होतं. त्यावर घालायला त्यांच्या मंडळींनी मोराचं भरतकाम केलेला टेबलक्लॉथही केला होता. त्यामुळं मीटिंगमध्ये त्यांचा मुद्दा फारच पक्का होता. टेबल आमच्याकडं आहे, मुलींना संगणक कशाला? बाई म्हणाल्या, पार्सल मुलींच्या शाळेच्या नावानं आलंय. शेवटी संस्थेच्या सेक्रेटरींनी निवाडा केला. शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला येणार आहेत. ते येतील तेव्हा पडद्यावर अक्षरं दिसली तर संगणक मुलींच्या शाळेत राहील. नाहीतर मोराच्या टेबलावर.

बाहेर पडताना बाई मला म्हणाल्या, "ह्या वर्षाअखेर मी रिटायर होते. माझ्यामागं ह्या पोरींना दुसरा संगणक कोणी आणून देणार न्हाई. तुला ज्ञान आहे ना? काढ बाहेर."

आणि त्यांनी लगेच आपला कायदा लावला. डबा शाळेच्या प्रयोगशाळेत कुलपात. पडदा मात्र सायकलरिक्षात मांडीवर घेऊन घरी नेला, स्वतःच्या पलंगावर ठेवला, वर मच्छरदाणी सोडली, आणि आपण खाली चटईवर झोपायला लागल्या. पडदा इथं, डबा तिथं, मधे अर्धं परभणी. चोराची काय बिशाद!

हे सगळं झाल्यावर आमच्या लक्षात आलं की डब्याला पडद्याशी जोडणारी वायर आलेलीच नाही. लाइटच्या वायरी होत्या, दोन. पण डब्यातलं पडद्यावर जायचं कशातून? आम्ही खोक्यातलं गवत काडी-काडी करून चाळलं. एक मेलेली पाल निघाली.

"मी आणते हैदराबादहून," मी म्हटलं. ज्ञान असलेलीनं आणखी काय म्हणायचं?

बाईंचं दुकानाबद्दलही एक मत होतं. दुकानात जाताना अर्धं उत्तर घरून न्यायचं, नाहीतर दुकानदार त्याच्याकडं पडून असलेलं उत्तर आपल्या गळ्यात मारतो. त्यांनी मला डब्याच्या मागं बसवलं. मागं बरीच तोंडं होती. त्यातलं एक चांगलं ऐटदार होतं, दोन ओळींत नऊ भोकं, दोन्ही बाजूंना स्क्रू. त्याच्याखाली एक काळी बारकी टोपी होती, बटणासारखी. तिच्याकडं मी बघितलंसुद्धा नाही. चित्रासारखी मोठी गोष्ट मोठ्याच दारातून बाहेर पडणार, असा माझा हिशेब. बाईंनी कपडे धुवायच्या साबणाची नवी वडी आणली, थोडी ओली केली आणि त्या तोंडावर दाबायला सांगितली. साबणावर नऊ बारके उंचवटे सुबक उमटले. भोकात अडकलेला साबण मात्र मला सुईनं काढत बसावं लागलं.

"दुसऱ्या टोकाचाही छाप घे," बाई म्हणाल्या. "घरी ये, पडद्याचं तोंड बघ."

मला त्या दिवशी केस धुवायचे होते. मी म्हटलं, "बाई, वायर ती वायर. दोन्हीकडं सारखीच असते."

बाई मान तिरकी करून माझ्याकडं बघत राहिल्या. डब्याच्या मागं गेल्यावर त्या जशा बघायच्या, अगदी तशा.

मोर्च्यांमुळं एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून मी छोट्या लाइनच्या गाडीनं निघाले. चुडाव्याला समोरच्या गाडीसाठी आमची गाडी बराच वेळ थांबली. तिथं चढलेली एक बाई शेजारी बसली. मी पिशवीतून साबण काढून, फडक्यातून सोडवून, उंचवटे पुसले तर गेले नाहीत ना, हे बघत होते. तिनं वडी बघितली, मला बघितलं आणि आपलं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं.

"कुणाच्या कुलपाचा ठसा घेऊन चाललाव वो?"

मी तिला सांगितलं की मी शिक्षिका आहे, हा संगणकाचा ठसा आहे. ती सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शिकल्या-सवरल्या बाया बी लागल्या आता ह्या धंद्याला." ती उठून पलीकडं गेली, आणि नांदेडपर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. हात-पाय पसरून गेले.

हैदराबादच्या दुकानदाराला वडीचं फार कौतुक वाटलं. त्यानं दुकानातल्या सगळ्यांना ती दाखवली. मग विचारलं, "ये तो डब्बे का हुआ. परदे का मुँह देखे क्या, अम्मा?"

अम्मा! मी तेव्हा कुणाचीच अम्मा नव्हते आणि लवकर होण्याची चिन्हंही नव्हती. त्या रागात मी म्हटलं, "देखे. ऐसाइच है." त्यानं दोन्हीकडं नऊ-नऊ टाचण्यांची, अंगठ्याएवढी जाड, राखाडी वायर काढून दिली. मी ती येताना गळ्यातल्या माळेसारखी सांभाळून आणली.

डब्याला ती अशी बसली की काय सांगू. जोर नाही, काही नाही, आत गेली, दोन्ही स्क्रू फिरले. मी प्रयोगशाळेत एकटीच टाळ्या वाजवल्या. मग दुसरं टोक तपासायला वायर काढून घेऊन बाईंच्या घरी गेले, मच्छरदाणी वर केली आणि पडद्याच्या मागं पहिल्यांदा बघितलं.

तिथं एकच भोक होतं. गोल. शर्टाच्या बटणाएवढं.

मी नऊ टाचण्यांचं तोंड त्या गोल भोकापुढं धरून उभी राहिले. एक क्षण असा आला की मी दाबून बघणार होते.

"जोर लावू नको," बाई मागून म्हणाल्या. "ताकद लावावी लागली की समजायचं, आपलं चुकलंय. वस्तूचं न्हाई."

त्यांनी मला रागावायला हवं होतं, निदान मला तरी तसं वाटत होतं. पण त्यांचे डोळे लहान मुलीसारखे चमकायला लागले होते. एकाचं तोंड नऊ भोकांचं, दुसऱ्याचं एका भोकाचं, मग मुंबईच्या कचेरीत हे दोघं एकमेकांशी बोलत कसे होते? आमच्यापैकी कोणीच त्या दोघांना एका खोलीत, पाठीला पाठ लावून बघितलं नव्हतं. बाईंच्या कायद्यानं ते कधी भेटलेच नव्हते. बाईंनाही ते त्याच क्षणी कळलं असावं, कारण त्या पलंगाकडं बघून हळूच म्हणाल्या, "गलत. माझं गलत झालं." आणि रिक्षा बोलवायला स्वतःच बाहेर गेल्या.

रविवारची दुपार होती. शाळा रिकामी. पडदा डब्याशेजारी ठेवला, बाईंनी पिशवीतून वेणीफणीचा आरसा काढला आणि तो डब्यामागं धरून इंच इंच सरकवायला लागल्या. त्या काळ्या टोपीपाशी आरसा थांबला.

"ही कशाला घातली असेल?"

"बटण असेल, बाई."

"मग दाबून बघ."

दाबलं गेलं नाही. बाईंनी नखानं ओढलं तर टोपी निघून हातात आली. खाली गोल भोक. शर्टाच्या बटणाएवढं. पडद्याला होतं तसंच.

आम्ही दोघी फरशीवर फतकल मारून त्या दोन भोकांकडं बघत बसलो. बाई म्हणाल्या, "का गं, नऊ भोकांतून जे जातं, ते ह्या एका भोकातून कसं जात असेल?" मला काय माहीत! मी भौतिकशास्त्रातलं काहीतरी बडबडले. बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "तसं आपण तरी सगळं एकाच तोंडानं बोलतो की." आणि मग एकदम ताठ बसल्या. "हे तोंड मी बघितलंय. मागून बघितलंय."

इथं मला व्हिडिओवाल्याची गोष्ट सांगायला हवी. शाळेच्या भिंतीला लागून एकानं व्हिडिओचं दुकान काढलं होतं. भाड्यानं रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ द्यायचा, आणि मागच्या खोलीत सतरंजी टाकून सिनेमे दाखवायचा. वार्षिक परीक्षेत आमच्या मुली भूगोलाचा पेपर लिहायच्या आणि भिंतीपलीकडून ढिशूम-ढिशूम ऐकू यायचं. बाई सांगायला गेल्या. तो हसला. म्हणाला, परीक्षा तुमची, धंदा माझा. बाई सरळ आत गेल्या, अर्थातच टीव्हीच्या मागं, आणि दोन यंत्रांमधली एक बारकी वायर उपसून घेऊन आल्या. पिच्चर आंधळा झाला. आवाज चालू, चित्र गायब. पब्लिकनं त्यालाच शिव्या घातल्या. परीक्षा संपल्यावर बाई वायर परत द्यायला गेल्या, तर त्यानं तोवर नांदेडहून दुसरी आणलेली. "ठेवा तुमच्याकडंच," म्हणाला, तोंड फिरवून. तेव्हापासून ती वायर शाळेच्या कपाटात चिठ्ठी बांधून पडून होती.

बाईंनी कपाट उघडलं. वायर करंगळीएवढी, दोन्ही टोकांना पिवळी टोपी आणि मधे एकेक टाचणी. मी हात पुढं केला, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

"जप्त केलेली वस्तू वापरायची न्हाई. आधी विचारून येऊ."

"बाई, त्यानं ठेवा म्हटलंय की."

"रागात म्हणाला तो. रागातलं धरायचं नसतं."

आम्ही गेलो. व्हिडिओवाला बाईंना बघून उठून उभा राहिला आणि आधी त्यानं आपल्या टीव्हीच्या मागं हात ठेवला. बाईंनी वायर त्याच्यापुढं धरली.

"ही तुझी. परत द्यायला आले. आणि दिल्यावर मागायला आले."

त्याला उमगेना. मी संगणकाचं सांगितलं. तो म्हणाला, "मह्याच वायरीवर तुमचं मशीन चालायचंय व्हय?" आणि पोट धरून हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "मही पोरगी तुमच्याच शाळंत हाय, बाई. आठवीत. तिला बसवान का त्या मशीनीफुडं?"

"ती तशीबी बसणारच आहे. ते मागणं होत न्हाई. दुसरं माग."

त्यानं डोकं खाजवलं. "मग एक पिच्चर बघायला या. फुडं बसून. मागं नाय जायचं."

बाई गेल्या. सतरंजीवर पहिल्या रांगेत, पदर सावरून, तीन तास. मीही होते. नायिका बर्फात नाचायला लागली की बाई मोठ्यानं विचारायच्या, हिला सर्दी कशी होत नाही, आणि हे वाजवणारे कुठं बसलेत? खोलीतली मंडळी पिच्चर सोडून बाईंकडंच बघत होती. व्हिडिओवाला नंतर कित्येक दिवस सांगायचा की त्याच्या दुकानात चाललेला सगळ्यात भारी खेळ तोच.

पिवळं टोक डब्यात, पिवळं टोक पडद्यात. दोन्हीकडं टक् करून बसलं, जोर न लावता. बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग पडद्याच्या पोटातून हिरवा उजेड वर आला, जसा तांबोळ्याच्या पानांवर पाणी मारल्यावर येतो तसा, आणि कोपऱ्यात आकडे धावायला लागले. बाईंनी उठून पडद्याच्या मागं जाऊन बघितलं, परत पुढं आल्या, पुन्हा मागं गेल्या. "मागं काहीच दिसत न्हाई, गं," म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मागून काही कळलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना केवढा आनंद झाला होता.

मोर्च्यांमुळं साहेबांचा दौरा दोनदा पुढं गेला होता, ते आमच्या पथ्यावर पडलं. साहेब आले, चपला-बूट बाहेर काढून प्रयोगशाळेत आले, व्हिडिओवाल्याच्या पोरीनं त्यांच्यासमोर आपलं नाव एका बोटानं लिहून दाखवलं. साहेब खूश झाले. मुलांचे हेडमास्तर मागं उभे राहून पडद्याकडं असे बघत होते की मला त्यांच्या मोराची दया आली. सेक्रेटरी म्हणाले, ठरल्याप्रमाणं संगणक इथंच.

बाई रोज संध्याकाळी वायर काढायच्या, टोपी भोकावर घालायच्या. "न्हाईतर कुंभारीण घर करील," म्हणायच्या. आमच्याकडं ती माशी कुठलंही भोक दिसलं की मातीनं लिंपते. आणि वायर पिशवीत, घंटेच्या टोल्याशेजारी.

निरोपाच्या दिवशी त्यांनी नव्या हेडमिस्ट्रेसना किल्ल्या दिल्या, शिक्का दिला, पॅड दिलं, टोला दिला. हार काढून माझ्या हातात दिला आणि हाराच्या आत वायर होती.

"ही शाळेची न्हाई. व्हिडिओवाल्याकडनं मी मागून घेतली, माझ्याकडनं तू घे."

मधेच एक सांगते. परवा माझ्या नातीनं घरी कामासाठी मोठा पडदा आणला. त्याला वायर मागवली ती बसेना, दुसरी मागवली ती एकीकडं बसली, तिसरी दोन्हीकडं बसली पण चित्र येईना. मी सोफ्यावर बसून विचारलं, "दोन्ही तोंडं बघितलीस का?" ती म्हणाली, "आजी, तुला ह्यातलं काय कळतं?" मला फार बरं वाटलं. हीच ती तेव्हाची मी. हेअरपिनांसकट हीच ती.

तर, मे महिन्याच्या सुट्टीत शाळा बंद असताना एक टेम्पो आला आणि डबा, पाटी, पडदा, सगळं उचलून मुलांच्या शाळेत घेऊन गेला. साहेब खूश झाल्यामुळंच सेक्रेटरींना त्याची किंमत कळली असावी, आणि आता त्यांना अडवणारं कोणी उरलं नव्हतं. जूनमध्ये शाळा उघडली, मी प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं, तर आत नुसती फळी. नव्या हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, वरून सांगितलं तर मी काय करू? मी तशीच बाईंच्या घरी गेले आणि त्यांच्या ओट्यावर बसून मुळूमुळू रडले. बाई सुपात डाळ निवडत होत्या. त्यांनी माझं रडणं अर्धवट होऊ दिलं आणि विचारलं, "वायर कुठंय?"

"माझ्या पिशवीत."

"मग रडायलीस कशाला?"

आणि पुन्हा डाळ निवडायला लागल्या.

थोड्याच दिवसांत सेक्रेटरींचा निरोप आला, डब्याची वायर राहिली आहे, ती द्या. मी दिली. हैदराबादची, राखाडी, अंगठ्याएवढी जाड, नऊ-नऊ टाचण्यांची. शाळेच्या पैशांनी आणलेली वायर तीच होती. तीच त्यांच्या मालकीची. खोटं काय बोलले मी?

पुढचं मला त्यांच्या विज्ञानशिक्षकांकडून कळत गेलं. ती वायर डब्याला फार सुंदर बसली. हेडमास्तरांनी पेढे आणले. मग दुसरं टोक आणि ते गोल भोक! एकजण म्हणाला, पडदाच बदलून आलाय. दुसरा म्हणाला, वायर कापून जोडू. हेडमास्तर म्हणाले, जरा जोर लावा, आणि जोर लावण्यात टाचण्या वाकल्या. मग त्यांचाही माणूस हैदराबादला गेला, नऊ भोकं एकीकडं आणि एक भोक दुसरीकडं अशी वायर मागायला, आणि असली वायर कुणी करत नाही असं उत्तर घेऊन आला. डब्यावरची ती काळी टोपी सगळ्यांनी बघितली. सगळ्यांना वाटलं, बटण असेल.

मोर असलेल्या टेबलक्लॉथवर तो डबा पावसाळाभर बसून राहिला. शेवटी हेडमास्तर कंटाळले. हे भंगार मुलींच्या शाळेला देऊन टाका, म्हणाले, आणि हे टेबलही न्या, याच मापाचं केलंय, दुसऱ्या कशाला उपयोग नाही. एका सकाळी हातगाड्यावरून सगळी वरात आमच्या फाटकात आली. डबा, पडदा, टेबल आणि वर मोर.

मी बाईंना बोलावणं पाठवलं. त्या आल्या तेव्हा प्रयोगशाळेत आठवीच्या मुली दाटीवाटीनं उभ्या होत्या. मी टोपी काढली, पिवळी टोकं बसवली. हिरवा उजेड आला आणि मुलींनी असा काही आवाज केला की पलीकडच्या व्हिडिओवाल्यानं भिंतीवर थाप मारून विचारलं, काय झालं. बाई त्या नव्या टेबलापाशी खुर्चीवर, पहिल्यांदाच आपणहून पुढं, इत्मिनानानं बसल्या होत्या. मोराच्या तुऱ्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "टाका चांगला घातलाय, त्यांच्या मंडळींनी."

त्यांना रिक्षापर्यंत सोडायला म्हणून मी उठले. दारात बाईंच्या दोन्ही चपला शेजारीशेजारी होत्या, टाचेला टाच लावून. त्यांनी पायात सरकवल्या आणि माझी वाट बघत उभ्या राहिल्या. मला माझी एकच सापडत होती. उंबऱ्याशी. दुसरी पार तिकडं, पाण्याच्या टाकीमागं होती, आणि ती तिथं कधी काढली, हे मला आजही सांगता येणार नाही.